केडगावला न थांबणारी गाडी

आज हिंजवडीच्या ऑफिसातून हाफ डे घेऊन आईला पुणे स्टेशनवर गाडीत बसवून दिलं. तिला केडगावला जायचं होतं. पॅसेंजर रखडते, म्हणून मी एक्सप्रेस निवडली. पॅसेंजर प्रत्येक स्टेशनवर थांबते, एक्सप्रेस मोजक्याच स्टेशनांवर. ही केडगावला थांबत नाही, हे मी गाडी सुटल्यावर मोबाइलवर पाहिलं.

लगेच फोन केला. "आई, आता थेट दौंडला उतर."

"अगं, डब्यातल्या बायका म्हणतात, केडगावच्या सिग्नलला गाडी हळू होते. रोजचे लोक तिथेच उतरतात. मी दारातच उभी आहे."

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

"आत जाऊन बस, आई."

"मला नको शिकवूस. दौंडहून परत कोण..." फोन कट झाला.

मग लागेचना. मी प्लॅटफॉर्मवरच बसून राहिले. पुन्हा पुन्हा तिचा नंबर लावत होते.

शेवटी तिचाच फोन आला. "दौंडला उतरले बाई. सिग्नल हिरवा होता, गाडी हळू झालीच नाही."

म्हणजे तिने माझं ऐकलं नव्हतं. सिग्नल लाल असता, तर ती उतरली असती.

तुमच्या घरचे कोणी असे चालत्या गाडीतून उतरतात का? आजच विचारा.