डब्यातले धवले

कॉम्प्युटरच्या डब्यावर पालथा हात ठेवून "ताप हाय याला" म्हणणारं गिऱ्हाईक माझ्या नेरूळच्या दुकानाने एकच पाहिलं. सारसोळे गावची आजी. डबा रिक्षातून यायचा, टॉवेलात गुंडाळलेला, तिच्या मांडीवर. काष्ट्याचं लुगडं, अंबाड्यात अबोली, आणि शेजारी कंटाळलेली नात.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक कसं असतं ते तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीही त्यातलेच. "दोन मिनिटांचं काम आहे, बघ ना जरा." आजी मात्र स्टूल ओढून बसायची. "सावकाश तपास, बाला. चूक हाय का बग." हार्ड डिस्कची तपासणी सुरू झाली की पडद्यावर टक्के चढतात. ती ते बघत राहायची. मधेच आकडा अडला की माझ्यावर डोळे वटारायची, जणू मीच तो धरून ठेवलाय.

"आजी, डिस्क म्हातारी झालीय. नवीन घ्या."

"मी पन म्हातारी हाय. मना बदलशील?"

मी चहा मागवायचो.

त्या डब्यात तिचे धवले होते. धवले म्हणजे आगरी-कोळ्यांच्या लग्नात विधी होताना म्हणायची गाणी, आणि ती म्हणणारी धवलारीण. आजी धवलारीण होती; तिच्याशिवाय गावात कुणाला हळद लागत नसे. नातीने कॉलेजात असताना हौसेने तिची गाणी रेकॉर्ड करून ठेवली होती. पुढे आजीचा घसा बसला तो उठलाच नाही. नातीचं लग्न ठरलं तेव्हा आजीने हट्ट धरला, "हिच्या मांडवात धवले माजेच वाजनार."

लग्नाच्या तोंडावर डबा पुन्हा आला. या वेळी हात लावून बघायचीही गरज नव्हती, आतून कट-कट ऐकू येत होतं. अशा वेळी आधी गाणी दुसरीकडे उतरवून घ्यायची आणि मग तपासणी करायची, नाहीतर तपासता तपासताच डिस्क राम म्हणते. उतरवायला घेतली. सगळी आली, एक सोडून. मुलीला सासरी धाडतानाचा धवला. परत लावून पाहिलं, डिस्क थंड होऊ देऊन पाहिलं. नाही म्हणजे नाहीच.

"मला तोच हवा होता," म्हणत नात तिथेच रडायला लागली.

आजी स्टुलावरून हलली नाही. "कंचा गेला?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने माझ्या खिशाकडे बोट दाखवलं.

"मोबाइल हाय ना तुजा? धर."

"अहो आजी, घसा..."

"धर म्हनलं ना!"

मी शटर अर्धं ओढलं आणि मोबाइल तिच्यापुढे धरला. आवाज पार फाटलेला, श्वास पुरत नव्हता, बाहेर रिक्षावाले हॉर्न मारतायत. मधे खोकला आला, ती थांबली आणि सोडलं होतं तिथूनच पुन्हा उचललं. नात तिच्या गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. मला गाण्यातलं ढिम्म कळत नाही, पण गाणं संपलं तरी रेकॉर्डिंग थांबवायचं बटण दाबायचं भानच राहिलं नाही.

लग्नाआधीच आजी गेली. लग्न पुढे ढकललं. नवी तारीख ठरल्यावर नात स्वतः दुकानात बोलवायला आली. "दादा, धवल्यांचा पेनड्राइव्ह घेऊन तुम्हीच डीजेजवळ उभे राहा."

मांडवात जुने धवले खणखणीत वाजले. बायकाही सोबत म्हणत होत्या. निरोपाच्या वेळी तो फाटका आवाज लागला, हॉर्नसकट, खोकल्यासकट. बायका स्पीकरकडे वळल्या. फार वाईट वाटलं मला. धवला संपला, पण स्पीकर चालूच होता.

"झाला. आता तपास, बाला. चूक हाय का बग."

नवरीने वळून माझ्याकडे पाहिलं.

"नाही, आजी," मी म्हणालो. मोठ्याने बोललो होतो, हे डीजेवाल्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं.