मावशीची शनिवारची फेरी

"मूठ काढलीस का गो?"

शनिवारी सकाळी दारात हा आवाज आला की मुरबाडच्या आमच्या आळीतल्या सुना चुलीपुढून उठायच्या. काखेत टोपली, डोक्यावर पदर, आणि उंबरा ओलांडण्याआधीच नजर मडक्यावर. सगळी आळी तिला मावशी म्हणायची.

तुम्ही म्हणाल, कसली मूठ? आमची ख्रिस्ती मंडळी तेव्हा नुकतीच स्वतःच्या पायांवर उभी राहिली होती. पाळकाला मिशनकडून मिळणारा पगार बंद झाला होता आणि त्याचं पोट आता आमच्यावर होतं. म्हणून घरोघरी भात रांधण्याआधी मूठभर तांदूळ वेगळ्या मडक्यात टाकायचे. ते गोळा करायचं काम मावशीनं आपणहून अंगावर घेतलं. पहिल्याच शनिवारी तिनं माझा हात उलटापालटा करून पाहिला.

"ही काय मूठ? चिमणीची चोच. दोनदा घाल."

बाई मोठी खट! मी नवी सून, काय बोलणार? दोनदा घालू लागले.

कोणाकडचा तांदूळ जाडा लाल, कोणाकडचा बारीक. टोपली मात्र एकच. त्यामुळे पाळकाचा भात कधी नीट शिजलाच नाही. अर्धा लगदा, अर्धा कच्चा. आपली मंडळीही अशीच आहे, असं म्हणत तो बिचारा जेवायचा.

मग जर्मनच्या लढाईत तांदूळ रेशनवर आला. मडक्यांचा तळ दिसू लागला. मिशनचे साहेब आले आणि म्हणाले, पाळकाला आम्ही पोसू, पण मग त्याला कुठं ठेवायचं ते आम्ही ठरवू. मंडळीचे पंच माना डोलवू लागले. देवळात, म्हणजे आमच्या चर्चात, कधी तोंड न उघडणारी मावशी बायकांच्या चटईवरून उठली.

"साहेब, तुमचे उपकार हायत. पण उद्या तुमी त्याला दुसरीकडं धाडलात, तर आमी कोणाला इचारायचं? तांदूळ नाय तर नागली घालू. माणूस आमचा ऱ्हाऊ द्या."

 मग एकीनं नागली कबूल केली, मग दुसरीनं. पाळक राहिला.

ते वर्ष त्यानं नाचणीच्या आंबिलीवर काढलं. मावशीच्या घरी तर कधीकधी चूलच पेटत नसे, पण मूठ ती त्या दिवशीही घालायची. तिच्या सुनेनं मला हे नंतर सांगितलं तेव्हा मला मावशीचा रागच आला. उपाशी माणसानं कसली मूठ घालायची?

ती गेली तेव्हा कबरीपाशी प्रार्थना त्याच पाळकानं केली. मधेच रडला. पुढच्या शनिवारी टोपली घेऊन मी निघाले.

आता कामानं माझा हात रुंद झालाय, मूठ चांगली भरते. तरी मडक्यात मी दोनदाच घालते. दुसरी मावशीची.