उंबऱ्याबाहेरचं वाजप

आमच्या वसईच्या पट्ट्यात जेवढ्या नव्या नवऱ्या सासरच्या उंबऱ्याबाहेर ताटकळत उभ्या राहिल्या असतील, त्यांतल्या निम्म्या तरी भुईगावच्या मामांमुळे राहिल्या. हे मी ऐकीव सांगत नाही. त्यातल्या बऱ्याच माझ्या नात्यातल्याच आहेत आणि अजूनही भेटल्या की तो विषय काढतात. मामा तसे दुष्ट नव्हते. मानपानावरून, देण्याघेण्यावरून त्यांनी कधी कुणाचं लग्न अडवलं नाही. त्यांना फक्त बँड ऐकायचा असे, आणि जितका लांबेल तितका ऐकायचा असे.

बँड कुणाला आवडत नाही? पण लोक बँडच्या पुढे नाचतात किंवा मागून गप्पा मारत चालतात. मामा बँडच्या पोटात शिरून चालत, क्लॅरनेटवाल्या मास्तरांच्या डाव्या खांद्याला खेटून, आणि आपल्या वहाणांचा आवाज मधे नको म्हणून त्या हातात धरून. आमंत्रणाची त्यांना गरज वाटत नसे. लग्न कुणाचं आहे विचारलं तर सांगता यायचं नाही, झांजा कोण वाजवतंय ते मात्र बरोबर सांगायचे. घरची केळीची बाग आणि पानवेली होत्या, पण लग्नसराईत त्यांना पाणी मिळायचं ते मामीच्या हातून. एकदा मामा केळीचा घड खांद्यावर घेऊन धाकट्या भावाकडे निघाले होते. वाटेत बँडवाल्यांचा टेम्पो दिसला, तो कामणला एका वरातीसाठी चालला होता. मामा घडासकट टेम्पोत चढले. कामणला नवऱ्याकडच्या मंडळींना वाटलं, नवरीच्या घरून केळी आली. त्यांनी घड आदराने उतरवून घेतला आणि मामांना आहेर म्हणून टोपी दिली. मामा संध्याकाळी घरी आले तेव्हा मामी एवढंच म्हणाली, "घड गेला, टोपी आली. उद्या बाग देऊन सदरा आणा." ती टोपी मामांनी पुढे कित्येक वर्षं वापरली.

खरे हाल व्हायचे ते उपवासकाळात. त्या दिवसांत आमच्या ख्रिस्ती घरांतून लग्नं बंद. बाकीचे लोक मांसमच्छी सोडतात, मामांना बँड सोडावा लागे, आणि ते त्यांना सोसत नसे. पहिल्या आठवड्यात त्यांचं डोकं दुखायला लागे, दुसऱ्यात जेवण जात नसे. मग ते हळूच खाडीकाठच्या गावांकडे सायकल वळवत. तिकडे हिंदू घरांतून मुहूर्त चालू असत. फादरांनी एकदा प्रवचनात नाव न घेता सुनावलं की काही जण उपवासकाळातही वरातींतून दिसतात. मामा नंतर त्यांना भेटले आणि म्हणाले, "फादर, मी तिथे जेवत नाही. नुसता ऐकतो." पुढच्या रविवारी फादरांनी प्रवचनाचा विषय बदलला.

आता ताटकळण्याची भानगड. आमच्याकडे रीत अशी की चर्चमधून निघालेलं जोडपं घराच्या उंबऱ्याआत पाऊल टाकेपर्यंत वाजप थांबवायचं नाही. थांबलं तर अपशकुन. एरवी घर येतं, सासू ओवाळते, जोडपं आत जातं, बँडवाले भांडी टाकावीत तशी वाद्यं टाकून सरबताकडे धावतात. पण काही कारणाने जोडपं दारात अडकलं तर बँडलाही सुटका नाही. ठरलेली चाल संपते, पुन्हा वाजते, पुन्हा संपते. मामांचं शास्त्र इथून सुरू होई. "पहिल्यांदा ते पैशाचं वाजवतात," ते मला समजावत. "मग सवयीचं वाजवतात. तेही संपलं की मास्तर इकडेतिकडे बघायला लागतो. आता काय वाजवायचं ते त्यालाही ठाऊक नसतं. ऐकायचं ते तिथून पुढे."

त्या 'तिथून पुढे'साठी मामा काय काय करत. ओवाळायच्या ताटातली काडेपेटी त्यांच्या खिशात सापडे. सासूबाई ऐन वेळी चप्पल शोधू लागत. नवऱ्याच्या आजोबांना पाठीमागच्या गल्लीत कुणीतरी गप्पांत गुंतवून ठेवलेलं असे, आणि ते कुणीतरी म्हणजे मामांचा एखादा मित्र. स्वतःच्या लग्नातही त्यांनी हे सोडलं नाही. मे महिन्याच्या उन्हात मामी जड लुगड्यात दारात उभी, आणि नवरदेव उंबऱ्यापाशी थांबून मान डोलावताहेत. त्यांच्या आईच्या ताटातली मेणबत्ती जळून संपली. "माझ्याशी लग्न यांनी बँडसाठी केलं," असं मामी सगळ्यांना सांगे, आणि मामा कधी नाही म्हणत नसत.

पुढे मामीच्या भावाने कुवेतहून टेपरेकॉर्डर आणला आणि मग विचारायलाच नको. मामा तो गळ्यात अडकवून बँडमध्ये शिरू लागले. घरी कॅसेटींची रांग लागली. तीच लग्नाची चाल, तोच बँड, पण मामांच्या मते एकही कॅसेट दुसरीसारखी नव्हती. कॅसेटींना नावं दिली होती ती ज्या कारणाने उशीर झाला त्याची. 'सासूची चप्पल', 'कुत्रं मधे आलं', 'आजोबा'. दुपारी जेवण झालं की मला बसवून म्हणायचे, "हे बघ, चपलेत मास्तर वर जाऊन कसा हळू उतरतो, ते कुत्र्यात नाही. कुत्र्यात घाई आहे." मला दोन्हीकडे सारखंच ऐकू येई. मला गाण्याचा कान नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तरी मामांना मीच लागे, कारण बाकीचे पळून जात.

या सगळ्याचं मूळ एका चावीत होतं. मामांचं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. भुईगावातच, त्यांच्या गल्लीत एक लग्न होतं. घरातले झाडून सगळे चर्चला गेलेले, आणि वरात दारात आली तर दाराला कुलूप. चावी एका म्हाताऱ्या आत्याकडे, आणि आत्या चर्चमध्येच माळ जपत मागे राहिलेल्या. माणूस धावला. इकडे बंद दारापुढे बँड वाजतोय. मास्तर तेव्हा कोवळा पोरगा होता. येत होतं ते सगळं त्याने वाजवलं, आणि मग डोळे मिटून तो भलतंच काही वाजवायला लागला. मामा म्हणत, "मी भिंतीला टेकून उभा होतो. वाटलं, हा मलाच काहीतरी सांगतोय. आता सांगून संपवणार, एवढ्यात आत्या आल्या, दार उघडलं आणि तो थांबला. अर्ध्यावर." तो अर्धा तुकडा मामांच्या डोक्यात कायमचा बसला. पाणी लावताना, पानं खुडताना, दाढी करताना ते तो गुणगुणत, आणि एका ठरावीक जागी थांबत. पुढचं त्यांना ठाऊक नव्हतं. बेसूर मलासुद्धा तो तुकडा पाठ झाला. पुढे काय होतं, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. त्यासाठी हा सगळा चपला लपवायचा उद्योग.

मास्तरांना त्यांनी किती वेळा विचारलं असेल. मास्तर खाडीकडच्या भातशेतीच्या गावचे. ते हसत आणि म्हणत, "मामा, तवा काय वाजवला ते मला काय ठावं? चावी येत नव्हती म्हनून वाजवत ऱ्हायलो. तुमी इतकी वर्सं ते घेऊन बसलाव?" मामा त्यांना तुकडा गुणगुणून दाखवत. मास्तर क्लॅरनेट लावून तेवढा वाजवून दाखवत, बरोब्बर, आणि मग मान हलवत. "असा सांगून येत नाय ते." मामांना ते पटत असे, म्हणूनच ते पुढच्या लग्नाची वाट बघत.

मामांना एकच मुलगी. तिला सगळे बाय म्हणत. लहानपणी मामा तिला खांद्यावर घेऊन लग्नांना जात, आणि वेळ आली की दारात उतरवून कानात सांगत, "आता रड." बाय असं सुरेख रडे की अख्खी वरात तिची समजूत घालत उभी राही. पण मुली मोठ्या होतात. शाळेतल्या बाईंच्या लग्नात नवऱ्याचा एक बूट गायब झाला आणि तो मामांच्या सायकलीच्या पिशवीत निघाला, तेव्हा बाय नववीत होती. कितीतरी दिवस ती बापाशी बोलली नाही. त्यानंतर त्यांच्याबरोबर लग्नांना जायचं तिने सोडलं. मामा एकटेच जाऊ लागले. सवय म्हणून निघताना "येतेस का?" विचारत, आणि उत्तराची वाट न बघता सायकल काढत.

बायचं लग्न उमेळ्याला ठरलं. आदल्या आठवड्यात तिने बापाला क्रूसावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. काही लपवायचं नाही, कुणाला गुंतवायचं नाही, आणि टेप घरी ठेवायचा. "त्या दिवशी तरी तुमचे हात मोकळे असू द्या, पप्पा," ती म्हणाली. मामांनी शपथ घेतली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तरचे पुढचे दोन दात हलायला लागलेत. या मोसमानंतर तो वाजवेल असं वाटत नाही. आणि नेमकं हेच लग्न मला सरळ पार पाडायचं आहे." ते हसत होते, पण मला काही हसू आलं नाही.

उमेळ्याला वरात दारात पोचली. मामा हात पाठीमागे बांधून, मास्तरांपासून चांगले लांब, शहाण्या व्याह्यासारखे उभे. सासूबाईंचं ओवाळून झालं. नवऱ्याने एक पाऊल आत टाकलं. आणि बाय थांबली. "माझी फुलं चर्चमध्ये राहिली," ती म्हणाली. "फुलांशिवाय मी आत येणार नाही."

नवऱ्याने पाऊल मागे घेतलं. सगळ्या वरातीने वळून मामांकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच मामा निर्दोष होते आणि त्यावर विश्वास ठेवायला एक माणूस तयार नव्हता. "मी काही केलं नाही," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "क्रूसाची शपथ, मी काही केलं नाही." एक जण सायकल घेऊन चर्चकडे सुटला. बँडला थांबता येईना. ठरलेली चाल संपली, पुन्हा वाजली, पुन्हा संपली. बाय उंबऱ्याबाहेर ताठ उभी होती आणि बापाकडे बघत होती. तेव्हा कुठे मामांना कळलं. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने तो तुकडा आला. मला कान नाही, पण तो मी मामांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला होता की झोपेतही ओळखला असता. मामा जिथे थांबत ती जागा आली, आणि क्लॅरनेट थांबलं नाही. पुढे गेलं. बरंच पुढे गेलं, कुठेतरी जाऊन सावकाश परत आलं, आणि आपलं आपण संपलं. ढोलवाल्याचे हातसुद्धा हळू झाले होते. तेवढ्यात सायकलवाला हात हलवत परत आला, चर्चमध्ये फुलं नव्हती. मग मामीने आपली पिशवी उघडली आणि रुमालाखालून फुलं काढली. "अगं बाई, इथेच होती की," ती म्हणाली. बँडला आयुष्यभर शिव्या दिलेल्या त्या बाईचा चेहरा तेव्हा अगदी सरळ होता. बाय आत गेली.

मी गर्दीतून धावत मामांपाशी गेलो. "ऐकलंत? पुढचं ऐकलंत?" मामांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरून वाहत होते. "काय?" ते म्हणाले. "वाजलं का?" मी सांगितलं, वाजलं, संपूर्ण वाजलं. ते दाराकडे बघत राहिले. "मी बायकडे बघत होतो रे," ते म्हणाले. मास्तरांना विचारलं तर ते तोंडावर हात धरून बसले होते, दात दुखत होता. काय वाजवलं ते त्यांना आठवत नव्हतं.

त्या मोसमानंतर मास्तरांनी क्लॅरनेट ठेवून दिलं. वरातींतून पेटीसारखी विजेवर चालणारी वाद्यं आणि कर्णे आले, आणि त्यांना उंबऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मामा लग्नांना जायचे थांबले. मी भुईगावला गेलो की ते मला ओटीवर बसवत. इकडचं तिकडचं बोलणं झालं की हळूच म्हणत, "तू होतास ना तिथे. सांग ना, पुढे काय होतं?" मी पहिल्यांदा सांगितलं की मला येत नाही. मग त्यांचा चेहरा बघून गुणगुणलो, जसं जमेल तसं. अर्धा तुकडा बरोबर, आणि पुढे माझ्या बेसूर गळ्यातून जे येईल ते. मामा डोळे मिटून ऐकत.

गेल्या खेपेला असंच चाललं होतं. मधेच ते म्हणाले, "मागच्या वेळी इथे असं नव्हतं."

"चुकलं असेल, मामा. मला कुठे आठवतंय नीट."

"चुकू दे रे," ते डोळे न उघडता म्हणाले. "अजून थोडं लांबव."

तेवढ्यात मामी जेवायला बोलवायला उंबऱ्यापर्यंत आली. मी गुणगुणत होतो. ती ओला हात पदराला पुसत तिथेच उभी राहिली.