उस्मानपुऱ्यातले सुदानी भाडेकरू

नोकरीतली बरीच प्रकरणे आता पुसट झाली आहेत. उस्मानपुऱ्यातल्या एका भाड्याच्या घराचे प्रकरण मात्र अजून जसेच्या तसे डोळ्यासमोर उभे राहते, कारण त्यात मी एका सरळ माणसाला देशाबाहेर घालवायच्या बेतात होतो.

तेव्हा शहराचे नाव औरंगाबाद होते. मी फौजदार होतो आणि माझ्याकडे परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे टेबल होते. सुदान, येमेन, सोमालिया अशा देशांतून बरीच मुले इथल्या विद्यापीठात शिकायला येत. अशा माणसाला घर भाड्याने दिले, की मालकाने ठरावीक फॉर्म भरून आमच्याकडे द्यायचा आणि भाडेकरूनेही बदललेला पत्ता कळवायचा, असा नियम होता. आमच्यातले लोक त्या टेबलाला शिक्षाच समजत. शिक्के मारायचे आणि फाइली लावायच्या, एवढेच काम.

एका सकाळी निनावी फोनवरून आलेली खबर माझ्याकडे आली. उस्मानपुऱ्यातल्या अमुक घरात काळे परदेशी लोक राहतात, रोज नवी माणसे येतात, खोकी आत जातात. आम्ही जीप घेऊन गेलो.

घर एका विधवा बाईंचे होते. त्या मूळच्या पाचोडकडच्या शेतकरी घरातल्या, वय साठीच्या पुढे. स्वतः वरच्या मजल्यावर राहत आणि खालचा मजला त्यांनी भाड्याने दिला होता. खाली एक सुदानी जोडपे निघाले. नवरा रसायनशास्त्रात पीएचडी करणारा, बायकोला सातवा महिना. खोक्यांत प्रबंधाच्या प्रती होत्या. येणारी माणसे त्याच्या विभागातली विद्यार्थी मंडळी. पासपोर्ट आणि व्हिसा ठीक होते. पण आमच्या रजिस्टरला त्याचा पत्ता जुनाच होता. हे घर घेऊन आठ महिने झाले तरी नोंद नव्हती.

मी नवरा-बायको दोघांना घेऊन ठाण्यात आलो. त्याला टेबलासमोर उभे करूनच विचारले, "पत्ता का नाही कळवला?"

तो इथल्याच हिंदीत बोलला. "दिया था ना सर. मकानवाली आंटी के भतीजे को. फोटो भी दिया, सही भी किया. वो बोला, मैं पुलिस में जमा करता."

"पावती?"

"वो बोला, पावती नहीं मिलती."

असली उत्तरे मी रोज ऐकत होतो. 'देश सोडण्याची नोटीस द्यावी' अशा शिफारशीचा अहवाल मी लिहायला घेतला. त्याने दोनदा सांगितले की तोंडी परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे. मी मान वर केली नाही. त्याची बायको बाकावर बसून होती. तिला आमची भाषा येत नव्हती, पण माझ्या आवाजावरून तिला सगळे कळत असावे.

दुपारी दोघांना घरी सोडले. तासाभरात तो परत आला, सोबत एक वकीलबाई. जिल्हा न्यायालयात गरजूंना मोफत सल्ला देणाऱ्या वकिलांपैकी त्या होत्या. त्याच्या प्राध्यापकांनी त्यांना गाठले होते.

"साहेब, यांच्या दाराला दुसरंच कुलूप लागलंय," त्या म्हणाल्या. "यांच्या बायको पायरीवर बसल्यात. कपडे, औषधं सगळं आत."

"त्यांची नोंदच नाही, मॅडम. बेकायदा राहतायत."

"नोंद नाही हा वेगळा विषय. त्याचा दंड भरतील. पण भाडेकरूला बाहेर काढायचं तर कोर्टाचा हुकूम लागतो. परदेशातून आला म्हणून तो भाडेकरू नाही, असं कुठल्या कायद्यात आहे?"

त्यांनी शांतपणे पुढचा प्रश्न विचारला. "कुलूप पुतण्यानं लावलंय. आणि खबर कुणी दिली होती?"

"निनावी होती."

मी उठून नोंदवही मागवली. आमच्या हवालदाराचे अक्षर वाईट, पण सवय चांगली. ऐकलेले तो शब्दन् शब्द लिहायचा. सकाळच्या खबरीचे शेवटचे वाक्य होते, 'त्यांची तुमच्याकडे नोंदसुद्धा झालेली नाही.' सकाळी मी ते नुसते नजरेखालून घातले होते. आता थांबलो. कोण येते, कोण जाते हे शेजाऱ्याला दिसते. फॉर्म माझ्या टेबलापर्यंत पोचला नाही हे शेजाऱ्याला कसे कळणार? ते फक्त ज्याने फॉर्म पोचवला नाही त्यालाच माहीत.

पुतण्याला बोलावून घेतले. चुलतीला दवाखान्यातून घेऊन घरी निघाला होता, तो तसाच स्कूटरवरून आला, मागे तिला बसवून. प्लॉटची खरेदी-विक्री करणारा, कपडे कडक इस्त्रीचे. चुलतीला बाहेर बसवून मी त्याला आत घेतले.

"फॉर्म कुणाकडे दिला?"

"बाहेरच्या हवालदाराकडं, साहेब."

"तो माझ्याशिवाय कुणी घेत नाही. आणि मी घेतला की सही-शिक्क्याची पावती देतो."

"मग... पोस्टानं पाठवला असंल. ध्यानात नाय."

"कुलूप का लावलं?"

"पोलिसांनी नेलं म्हणल्यावर परत येतील असं वाटलं नाय. चुलतीच्या घराची काळजी मलाच घ्यावी लागती ना?"

मी त्याच्यावर आवाज चढवला नाही. खोटे बोलणाऱ्यावर ओरडले की त्याला विचार करायला वेळ मिळतो, हा माझा अनुभव. मी नुसते दार उघडून चुलतीला आत बोलावले आणि विचारले, "मावशी, त्या फॉर्मवर तुम्ही सही केली होती?"

"केली की. पिवळ्या पाकिटात घालून ह्याच्याजवळ दिला." मग त्या पुतण्याकडे वळून सहज म्हणाल्या, "आरं, तुझ्या डिकीतच हाय की ते. परवा माझी औषधं ठिवताना दिसलं मला."

त्याने खाली पाहिले. हवालदार बाहेर जाऊन पाकीट घेऊन आला. फॉर्म, तीन फोटो, दोघांच्या सह्या. आठ महिन्यांपूर्वीची तारीख.

पुढचे त्याने स्वतःच सांगितले. शेजारच्या दोन प्लॉटांसकट ते घर एका गिऱ्हाइकाला द्यायचे त्याने परस्पर ठरवले होते. चुलतीला पाचोडला धाडायचे होते. आड येत होते ते भाडेकरू, आणि त्यांना काढायला कोर्टात वर्षे गेली असती. पोलिसांना एका सकाळीत जमले असते.

मावशी म्हणाल्या, "माझं घर इकायला निघाला व्हय रं? ती पोरगी रोज माझे पाय दाबती. तू वरीसभरात एकदा तरी वर आलास का?"

कुलूप त्याच संध्याकाळी मावशींनी उभे राहून काढायला लावले. लोकसेवकाला खोटी माहिती दिल्याबद्दल पुतण्याविरुद्ध न्यायालयात तक्रार गेली आणि त्याला दंड झाला. सुदानी विद्यार्थ्याने उशिराचा दंड भरला, नोंद झाली. माझा अहवाल मी फाडून टाकला आणि त्याला म्हणालो, "माझी चूक झाली." खाकी कपड्यात हे वाक्य मी त्याआधी कधी उच्चारले नव्हते. तो "कोई बात नहीं सर" म्हणाला. पण त्याच्या बायकोने माझ्याकडे पाहिले नाही, आणि ते बरोबरच होते. त्यांची मुलगी याच शहरात जन्मली. पदवी घेऊन ते तिघे गेले.

त्यानंतर त्या टेबलावर असेपर्यंत मी मालकाकडून आलेला फॉर्म भाडेकरू समोर असल्याशिवाय घेतला नाही, आणि निनावी खबर आली की ती खरी ठरल्यास कुणाचे घर रिकामे होणार आणि ते कुणाला हवे आहे, हे आधी पाहिले. कायदा मला पाठ होता. तो ज्याच्यासाठी आहे त्याला कायद्याची भाषाच येत नसेल तर तो दुसऱ्याच्या हातातला दंडुका होतो, हे मला त्या वकीलबाईंमुळे कळले.

निवृत्तीनंतर माझी मुलगी शिकायला जर्मनीला गेली. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. घरमालकाने जर्मन भाषेतला करार पुढे ठेवला होता आणि आजच सही कर म्हणत होता. मी तिला म्हणालो, "सही करू नको. तुमच्या विद्यापीठात कुणी फुकट सल्ला देणारा वकील असेल, त्याच्याकडून वाचून घे."

"पपा, इथं परक्या मुलीसाठी कोण एवढं करणार?"

दोन दिवसांनी तिने कळवले की तिथल्या एका वकिलाने तासभर बसून करार समजावून सांगितला आणि दोन अटी काढायला लावल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले, की ठाण्यातल्या बाकावर बसलेली ती सुदानी बाई किती एकटी होती.