आंब्याला टांगलेली व्हॅन

"बाहेर या, आधी बाहेर या! फांदी चालली!" धाकटा दीर ओरडत होता, आणि ओरडता ओरडता स्वतः केळीच्या बागेत पार आत जाऊन उभा राहिला होता.

आमची छोटी व्हॅन आंब्याला टांगलेली होती. पूर्ण नाही, पुढून. चेन कप्पीने तिचं नाक वर उचललं होतं, त्यामुळे पाला खायला मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या शेळीसारखी ती दिसत होती. तिच्या पोटाखाली एक फळी, फळीवर भंगारात गेलेल्या टेंपोचं जुनं डिझेल इंजिन, फळीला बांधलेला दोर माझ्या हातात, आणि इंजिनशेजारी पाठीवर निजलेला माझा नवरा.

"कुठे चालली नाही," खालून आवाज आला. "तू ओढ."

मी ओढलं. आमच्या नंदाखालात ही गोष्ट मी सांगते तेव्हा फांदी इतकी वाकते की कैऱ्या जमिनीला टेकतात आणि कोंबड्या त्यांना चोची मारतात. एकदा तर मी त्या कैऱ्यांचं लोणचंही घातलं होतं. झालं होतं एवढंच की फांदी करकरली आणि थोडी साल निघाली. नवऱ्याने दोन्ही बाजूंना नारळाचे ओंडके रचून ठेवलेले, गाडी निसटली असती तरी ओंडक्यांवर बसली असती. पण असं सांगितलं तर ऐकायला कोण थांबणार?

हा सगळा उपद्व्याप माझ्या एका वाक्यामुळे झाला. "गाडी चालू असती तर मी रोज गेले असते." हे वाक्य मी चर्चच्या पायऱ्यांवर म्हटलं, आगाशीच्या बाजारात कोळंबी निवडताना म्हटलं, दोन लग्नांत आणि एका मयताला म्हटलं. रोज गेले असते म्हणजे सांडोरला, माझ्या थोरल्या बहिणीकडे. तिला आम्ही सगळी बाय म्हणतो. आई लवकर गेली, म्हणून मला न्हाऊमाखू घालून, वेण्या घालून, धपाटे घालून तिनेच वाढवलं. सांडोरच्या वाडीत तिचं सासर, आता मुलगा आणि सून तिच्याजवळ असतात.

बायला विसर पडायला लागला होता. आधी चष्मा, मग गॅस, मग नवरा वारला आहे हे. मागे एकदा मी गेले तर तिने माझ्याकडे नीट पाहिलं, पदर सावरला आणि विचारलं, "तुम्ही कोणाकडच्या?" मी हसले. म्हटलं, बिशपच्या घरची, तुमची चौकशी करायला पाठवलंय. तिने मान डोलावली आणि सुनेला चहा ठेवायला सांगितला. पाहुण्यांचा चहा, कपबशीतून. घरी आल्यावर मी हा किस्सा रंगवून रंगवून सांगितला आणि लोक पोट धरून हसले. मला काय वाटलं ते विचाराल तर काही नाही. दाढ काढल्यावर गाल असतो ना, आपलाच असून हाताला दुसऱ्याचा लागतो, तसं. चावून पाहिलं तरी कळत नव्हतं.

त्यानंतर मी गेले नाही. रिक्षाने कंबर मोडते, बस दोनदा बदलावी लागते, आणि व्हॅन तर मेलेली. व्हॅन खरंच मेलेली होती. धाकट्या दिराने रेडिएटरमध्ये पाणी आहे की नाही ते न बघता ती पळवली आणि पेट्रोलचं इंजिन जाम करून आणलं होतं. देव त्याचं भलं करो, असं कारण मला विकत घेऊनही मिळालं नसतं.

घोटाळा असा की माझा नवरा माणसाचं बोलणं जसंच्या तसं धरतो. आयुष्यभर कारखान्यात फिटर होता, नकाशात जे लिहिलंय तेच करायचं, ही सवय. मी एकदा उकाड्याने मेले मेले म्हटलं तर हा माणूस हातातलं जेवण सोडून माझी नाडी बघायला आला होता. अशा माणसासमोर मी वर्षभर म्हणत होते की गाडी चालू असती तर रोज गेले असते. एका सकाळी मी मागच्या दारी आले तर व्हॅनच्या दोन्ही पुढच्या सीट अंगणात, तुळशीला पाणी द्यायला बसल्यासारख्या शेजारी शेजारी. तुळस आमच्यात नसते, पण माझ्या गोष्टीत असते.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"गाडी चालली की तू बायकडे जाशील ना," तो म्हणाला. विचारलं नव्हतं त्याने. सांगितलं होतं.

डिझेल इंजिन दिराने नालासोपाऱ्याच्या भंगारवाल्याकडून आणलं, पापक्षालन म्हणून. इंजिन बदलायची परवानगी काढायला नवऱ्याने आरटीओत इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई माझ्या तब्येतीची चौकशी करायला लागला. मग इंजिन खोललं, धुतलं, रॉकेलच्या वासाने आमच्या भातालाही चव आली. मी मदत केली. म्हणजे भर मोसमात माडांना खत घालायची आठवण केली, कौलं बघून घ्यायला सांगितली, विहिरीची मोटर बिघडल्याची शंका काढली. एकदा सतरा नंबरचा पाना तांदळाच्या डब्यात ठेवला. त्याने दोन दिवस पाना शोधला, मग कुठूनतरी मागून आणला. तिसऱ्या दिवशी तांदूळ काढायला तोच उठला. पाना बाहेर काढून त्यावरचा तांदूळ त्याने डब्यातच झाडला आणि पाना खिशात घातला. पाना तिथे कसा, हे त्याने विचारलं नाही, मीही काढलं नाही. आमच्या घरात अशा न विचारलेल्या गोष्टी भिंतीत मावणार नाहीत इतक्या आहेत.

दरम्यान सांडोरहून बायच्या सुनेचा फोन आला. सासूबाई हल्ली जेवत नाहीत म्हणाली, दोन घास खाऊन ताट सारतात, तुम्ही येऊन जा. मी तिला व्हॅन आंब्याला टांगल्याची गोष्ट सांगितली. ती हसली, मग परत म्हणाली, येऊन जा, मावशी. मी म्हटलं, इंजिन बसलं की लगेच. फोन ठेवून मी कांदा चिरला. डोळ्यांना पाणी आलं ते कांद्याचं होतं, मी खात्री करून घेतली.

इंजिन बसलं, पण व्हॅनच्या मानाने ते चार बोटं उंच निघालं. या गाडीत इंजिन सीटखाली असतं, त्यामुळे वरची सीट जागेवर बसेना. नवऱ्याने पत्र्याचा उंच खोका करून घेतला, त्यावर माझी सीट ठोकली. डिझेलच्या नळीतली हवा काढण्यात एक आख्खा दिवस गेला. शेवटी इंजिन सुरू झालं तेव्हा असा काळा धूर निघाला की अर्नाळ्याच्या होड्या वादळ समजून किनाऱ्याला लागल्या. शेजारणीच्या पांढऱ्या चादरींचं मी बोलत नाही, कारण ती अजून माझ्याशी बोलत नाही. दीर नाचत होता. नवऱ्याने हात पुसले, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि उघडंच धरून उभा राहिला.

साडी बदलून येते म्हणायची सोय होती. मी बदलून आले. तो तसाच उभा होता.

त्या खोक्यावर मी मिरवणुकीतल्या सायबिणीसारखी, मरियामातेच्या मूर्तीसारखी बसले होते, डोकं छताला, हात मांडीवर. निर्मळ गेलं, गास गेलं, भुईगाव गेलं. इंजिन माझ्याच खाली, त्यामुळे कमरेपासून टाचेपर्यंत सगळं थरथरून थरथरून बधीर झालं. मला ते बरं वाटलं. वरचं अर्धं आधीच बधीर होतं, त्याला सोबत मिळाली.

बाय ओट्यावर वाल सोलत बसली होती. आम्ही फाटकातून आत वळलो तशी तिने मान वर केली. माझ्याकडे नाही, व्हॅनकडे. परात बाजूला ठेवली, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि आत सुनेला हाक मारली, "टेंपो आला ग, लोंगर काढा." आमच्या लहानपणी माहेरी केळी न्यायला असाच फटफटणारा डिझेलचा टेंपो यायचा, आणि लोंगर, म्हणजे केळीचे घड, मोजून द्यायचं काम बायचं असायचं. तिच्या चेहऱ्यावर कामाची घाई होती. कित्येक महिन्यांत तिला घाई कशाचीच नव्हती, हे सुनेने नंतर सांगितलं.

मी उतरले. दाराला धरून उभी राहिले.

"तुम्ही टेंपोबरोबर?" बायने विचारलं. हे सगळं आमच्या घरच्या बोलीत, मी इथे शाळेतल्या मराठीत लिहिते.

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"उशीर केलात."

"इंजिन बिघडलं होतं," मी म्हटलं, आणि तोंड उघडलंच होतं तर ते चालू राहिलं. आंबा सांगितला, शेळी सांगितली, जमिनीला टेकलेल्या कैऱ्या, लोणचं, अर्नाळ्याच्या होड्या, सगळं. माझाच आवाज मला लांबून, दुसऱ्याच्या ओट्यावरून आल्यासारखा येत होता. सुनेने चहा आणला, पेज आणली. बाय ऐकत ऐकत पेज प्यायली, वाटी संपवली. सून माझ्याकडे बघत होती, मी वाटीकडे बघत होते. नवरा व्हॅनपाशी वाकून उगाच रेडिएटरचं पाणी तपासत होता, ते त्याने निघताना तपासलं होतं.

गोष्टीतल्या होड्या किनाऱ्याला लागल्यावर बायने परात परत मांडीवर घेतली.

"अशा थापा मारणारी आमच्याकडे पण एक आहे," ती म्हणाली. "धाकटी."

"हो का," मी म्हटलं. "कुठे असते ती?"

बायने एक शेंग सोलली, दाणे परातीत टाकले.

"येत नाही," ती म्हणाली.