खोकं माफी मागत नाही

प्रत्यक्ष भेटीला पर्याय नाही. माणूस समोर बसून बोलला की मगच विश्वास निर्माण होतो. आमचा व्हाइस प्रेसिडेंट ग्रेग कॉन्फरन्स रूममध्ये उभा राहून हे सांगत होता, तेव्हा मी तैवानच्या गिऱ्हाइकाचा पार्ट नुकताच कुरिअरला देऊन आलो होतो.

मी कॅनडात, मिसिसागातल्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनियर आहे. आम्ही औषधाच्या बाटल्यांचं वजन तपासणारी यंत्रं बनवतो. बाटली पट्ट्यावरून सरकते. खालचा लोड सेल, म्हणजे वजन ओळखणारा धातूचा ठोकळा, तिला तोलतो. कमी भरली असेल तर यंत्र तिला बाजूला ढकलतं. या गिऱ्हाइकाच्या तायचुंगच्या कारखान्यात ते चांगल्या बाटल्याही ढकलत होतं. साफसफाई करताना कोणीतरी पट्ट्यावर उभं राहिलं असणार. माणसाच्या वजनाने लोड सेल कायमचा बिघडतो. नवा बसवायचा, खात्रीचं वजन ठेवून कॅलिब्रेट करायचा, झालं. कसं करायचं त्याचा व्हिडिओही मी पाठवला होता.

“पार्ट गेलाय,” मी म्हणालो. “सोमवारी पोचेल.”

“खोकं माफी मागत नाही, संजय. एशियात चेहरा दाखवावा लागतो. आपण दोघं जाऊ. तू तिकडचाच.”

मी नागपूरचा. तायचुंगबद्दल मला तेवढंच माहीत होतं, जेवढं ग्रेगला पोर्तुगालबद्दल.

“गुरुवारी आमची सिटिझनशिपची ओथ आहे. सगळ्या घराची एकत्र.”

“ती नंतर घेता येते ना? शेवटी एक सेरेमनीच.”

हे बोलताना तो दोन्ही हातांनी बिझनेस कार्ड पुढे करायची प्रॅक्टिस करत होता. त्याच महिन्यात आमच्या डिपार्टमेंटमधली दोन डेस्कं रिकामी झाली होती. मी येतो म्हणालो.

घरी मृण्मयीने साडी इस्त्री करून ठेवली होती. ओवीने, आमच्या लेकीने, विचारलं, “सो मॉम अँड आय बिकम कॅनेडियन, अँड यू डोन्ट?”

“थोडे दिवस फक्त.”

“ग्रेगला विचार, त्याने कधी ओथ घेतलीय का,” मृण्मयी म्हणाली.

“तो इथेच जन्मला.”

“म्हणूनच.”

मंगळवारी रात्री एअरपोर्टवर, गेटपाशी, ग्रेगने फोन पाहिला, कपाळाला आठी घातली आणि फोन खिशात टाकला. “काही नाही. ऑफिसचं.” तो बिझनेस क्लासमध्ये गेला, मी मागे मधल्या सीटवर. पंधरा तासांत तो एकदाच पडद्याअलीकडे आला, हातात ग्लास घेऊन. “दिलगिरीची स्लाइड पहिली ठेवू की तिसरी?”

“पहिली,” मी म्हणालो. म्हणजे लवकर उरकेल.

कारखान्याच्या मॅनेजर मिस लिन यांनी आम्हाला चहा दिला. ग्रेगने वाकून, दोन्ही हातांनी कार्ड पुढे केलं. त्यांनी ते घेतलं आणि स्वतःच्या फोनवरचा क्यूआर कोड स्कॅन करायला दिला. मग ग्रेगने दिलगिरी व्यक्त केली. सावकाश.

मिस लिन गोंधळल्या. “पण यंत्र काल सकाळपासून नीट चाललंय. पार्ट आला, आमच्या टेक्निशियनने व्हिडिओ पाहून बसवला. मी ग्रेगना तेव्हाच लिहिलं होतं, आता यायची गरज नाही म्हणून. तुम्ही आलात, तेव्हा वाटलं दुसरं काही काम असेल.”

ग्रेगने चहा उचलून एका घोटात संपवला.

टॅक्सीत मी विचारलं, “तू ते गेटवर वाचलंस?”

“तिकिटं नॉन-रिफंडेबल होती. आणि गिफ्टचं मेपल सिरप चेक-इन झालेल्या सुटकेसमध्ये होतं.”

“गेटवरून मी घरी गेलो असतो. आज कुटुंबाबरोबर उभा राहिलो असतो. तुझ्या सिरपला सोबत हवी म्हणून मला इथे आणलंस?”

“तू थकलायस. जेट लॅग आहे.”

“जेट लॅग उतरतो, ग्रेग. हे उतरणार नाही.”

हॉटेलातून मी एचआरला मेल लिहिला, मिस लिन यांच्या मेलची तारीख घालून. उत्तर आलं की ग्रेगशी संवाद साधण्यात आला आहे. रात्री मृण्मयीचा फोटो आला: ती, ओवी, शपथ देणारे जज्ज आणि हातात कागदी झेंडे. मृण्मयीच्या उजवीकडे एका माणसाची जागा सुटली होती. कोणी सांगितलं नसतानाही त्या दोघी सरकून उभ्या राहिल्या होत्या.

यातून मी एवढंच शिकलो: साहेब गेटवर फोन खिशात टाकतो तेव्हा विचारावं, काय आलंय.

माझी ओथ उन्हाळ्यात झाली, आमच्या बेसमेंटमध्ये, व्हिडिओ कॉलवर. पीआर कार्ड, म्हणजे कायम रहिवाशाचं कार्ड, कॅमेऱ्यासमोर कात्रीने कापायला लावलं आणि मला कॅनेडियन करून घेतलं. त्याआधी ऑफिसर बाईंनी दोनदा सांगितलं, “तुम्ही म्यूटवर आहात.”