मशिनीच्या पाठीवरचं प्लास्टिक

थोरल्या दिरांनी मुंबईच्या घरात भिंतीवरचा नवा एसी बसवला आणि जुना, खिडकीतला, आमच्या गळ्यात मारला. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात. मी मोजले. समोरची जाळी कोपऱ्यात फुटलेली, बटणाभोवतीचे आकडे पुसलेले, आणि चालू केला की पहिली दहा मिनिटं त्यांच्या घरातल्या अगरबत्तीचा वास. पण बोलायची सोय नव्हती, कारण तो सासूबाईंसाठी होता. त्यांचं हृदय कमजोर झालेलं. उकडलं की धाप लागायची, आणि महाडच्या डॉक्टरांनी खोली गार ठेवा म्हणून बजावलं होतं.

नवरा एमआयडीसीत, शिफ्टला. पोलादपूरच्या वर, आमच्या वाडीतल्या घरात दिवसभर आम्ही दोघीच. माझ्या लग्नाला चोवीस वर्षं झाली आणि चोवीस वर्षांत त्या बाईचं आणि माझं एक दिवस जमलेलं नाही. मी घासलेला तांब्या ती पुन्हा घासते. मी पाणी काढून भात वेळायला घेतला की चुलीपाशी येऊन म्हणते, "शिजला नाय अजून." शिजलेला असतो.

आता तिच्या जोडीला हे मशीन आलं. दर रविवारी दिरांचा फोन. आईची तब्येत एका वाक्यात, मग लगेच, "फिल्टर साफ केला ना? मेंटेनन्स ठेवला नाही तर मशीन मरतं." जसं काही मी गोठा साफ ठेवत नाही, घर ठेवत नाही, त्यांच्या आईला ठेवत नाही. मी सगळं शिकून घेतलं. पंधरा दिवसांनी समोरचं झाकण काढायचं, आतली जाळी नळाखाली धुवायची, सावलीत वाळवायची. जाळीमागच्या पातळ पत्र्यांवरून जुना टूथब्रश वरून खाली फिरवायचा, आडवा फिरवला तर पत्रे वाकतात. हायवेचं काम चालू झाल्यापासून जाळीतून लाल चिखल निघायचा. पाणी बाहेर जायच्या भोकात एकदा कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं, तेही मी काडीनं कोरून काढलं.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे घराच्या पश्चिमेच्या भिंतीला प्लास्टिक बांधतात. पाऊस इथं सरळ पडत नाही, आडवा येतो, आणि त्याची झड लागून मातीची भिंत फुगते. वाडीत सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांत घट्ट प्लास्टिक माझं असतं, हे मी अभिमानानं सांगते. मशिनीची पाठ त्याच भिंतीतून हातभर बाहेर आलेली. पावसाचं पाणी आत जाऊन ते बिघडलं तर रविवारी माझीच हजेरी. म्हणून मी त्याला वेगळा, दुहेरी तुकडा गुंडाळला आणि सुंभानं आवळला.

सासूबाई खिडकीशेजारच्या खाटेवर होत्या. आतून ओरडल्या, "त्याचं नाक-तोंड बांधू नको गो. त्याला बी वारा लागतो."

"तुम्हाला काय कळतंय मशिनीतलं?" मी म्हटलं आणि आणखी एक गाठ मारली.

दुसऱ्या दिवसापासून मशीन बिनसलं. वीस मिनिटं गार वारा, मग टक्क आवाज आणि नुसती कोमट हवा. मी जाळी धुतली. परत तेच. पत्रे घासले. परत तेच. आठवड्यात तीनदा मी ते उघडलं, शेवटच्या वेळी त्याला अशा शिव्या घातल्या की शेजारीण दारात आली. सासूबाई उशीला टेकून बसून रात्रंदिवस धापा टाकत होत्या. रविवारी मी दिरांना स्पष्ट सांगितलं, "तुमचं मशीन भंगार आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गाडी घेऊन दारात हजर. घराच्या मागं गेले नाहीत, गोठ्याच्या बाजूला जाणं त्यांना जमत नाही. आत उभं राहून घाम पुसत म्हणाले, "आठ वर्षं माझ्याकडे टकाटक चाललं. तुमच्यानं एक फिल्टर धुवून होत नाही." मी ओली जाळी त्यांच्या नाकासमोर धरली. ते सासूबाईंकडे वळले. "आई, खरं सांग, ही साफ करते का?"

"करते," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं आणि गप्प राहिल्या.

"ते काही नाही. इथं राहिलीस तर तुझं बरंवाईट होईल. चल माझ्याकडे."

त्यांना जायचं नव्हतं. मुंबईत दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार, असं त्या नेहमी म्हणायच्या. पण धाप इतकी होती की भांडायला दम नव्हता. पिशवी मीच भरून दिली. गाडी वळणाआड गेली तेव्हा वाटलं, सुटले एकदाची.

दोन दिवस मी भात वेळला आणि कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी तोच भात मला गिळेना, आणि ह्याचाच मला भयंकर राग आला. वाडी म्हणणार, सुनेला सासू सांभाळता आली नाही. म्हणोत. पण हे मशीन मला घरात नको होतं. ज्याचं त्याला परत पाठवायचं ठरवून, खिडकीतून काढायला मी मागं गेले आणि विळ्यानं सुंभ कापला.

प्लास्टिक सहज निघेना. आतल्या बाजूनं मऊ होऊन ते मशिनीच्या पाठीला चिकटलं होतं, जागोजागी तपकिरी झालं होतं. मी सोलून काढलं. आत जाऊन बटण फिरवलं, परत मागं आले आणि हात धरला. पाठीतून तव्यासारखी झळ येत होती. एवढी झळ मी आठवडाभर मशिनीतच कोंडून ठेवली होती. तासाभरानं खोलीत गेले तर ती रिकामी खाट गारेगार पडली होती.

मी तिथंच बसून फोन लावला. दिरांनी उचलला. "भाऊजी, मशीन चांगलं आहे. चूक माझी होती. मी त्याची पाठ बांधली होती." एवढी तीन वाक्यं बोलणं मला जड गेलं. ते सुरू झालेच, "मी सांगत होतो की नाही, मेंटेनन्स म्हणजे..." तेवढ्यात कुणीतरी फोन ओढून घेतला.

"सोडलंस ते प्लास्टिक?" सासूबाई.

"सोडलं. तुम्हाला ठाऊक होतं?"

"मग? तुला सांगितलं नव्हतं मी?"

"मग त्यांनी विचारलं तेव्हा गप्प का बसलात? सांगितलं असतंत तर जावं लागलं नसतं."

त्या म्हणाल्या, "तुला बोलायचं ते मी बोलीन. त्यानं कशाला बोलायचं? तो काय तुझ्या हातचं जेवतो?"

मी फोन कानाशी धरून त्यांच्या खाटेवरची चादर सरळ केली.

"ऐकतेस का गो? शनवारी तुझ्या नवऱ्याला पाठव मला न्यायला. आणि माझा तांब्या घासून ठेव. नीट घास."

मी तांब्या घासला. मग पुन्हा घासला.